थेरेसे गीझे : एका निर्वासित अभिनेत्रीचे जीवन आणि कार्य

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• थेरेसे गीझे यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील;
• निर्वासित नटाचा भाषेशी असलेला संबंध स्पष्ट करता येईल;
• ‘मदर करेज’ आणि ‘म्हाताऱ्या बाईची भेट’ या नाटकांतील त्यांच्या भूमिकांचे महत्त्व विशद करता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण कलावंतांची चरित्रे अभ्यासताना व्यक्ती आणि तिचा काळ यांचा संबंध पाहिला. या घटकात आपण जर्मन रंगभूमीवरील एका अभिनेत्रीचे चरित्र पाहणार आहोत. तिला तिच्या काळाने घराबाहेर काढले होते. त्या निमित्ताने एक प्रश्न मनात धरून ठेवा. ज्याला एका रात्रीत देश सोडावा लागतो, तो कलावंत आपल्याबरोबर काय नेऊ शकतो?

चित्रकाराला रंग आणि कुंचला कोठेही मिळतो. वादकाचे सूर परक्या गावातही सूरच राहतात. नटाची गोष्ट निराळी आहे. त्याचे साधन म्हणजे त्याचे शरीर आणि त्याची वाणी. शब्दावरचा आघात, बोलीतील हेल, दोन वाक्यांमधला थांबा आणि त्या थांब्याचा अर्थ जाणणारा प्रेक्षक, हे सारे एका भाषेत रुजलेले असते. ती भाषा ज्या देशात बोलली जाते त्या देशानेच नटाला नाकारले, तर त्याने जावे कोठे? १९३३ नंतर जर्मनी सोडावी लागलेल्या शेकडो ज्यू नटनट्यांपुढे हाच प्रश्न उभा होता. थेरेसे गीझे यांनी त्याला दिलेले उत्तर त्यांच्या साऱ्या आयुष्यातून वाचता येते.

ज्या नाटककारांच्या भूमिकांमुळे गीझे यांचे नाव नाट्येतिहासात राहिले, त्यांतील बर्टोल्ट ब्रेख्त हे मराठी वाचकाला परके नाहीत. पु. ल. देशपांडे यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ आणि चिं. त्र्यं. खानोलकर यांचे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ ही नाटके ब्रेख्त यांच्याच नाटकांवर आधारलेली आहेत, हे तुम्हांला ठाऊक असेल.

२. बालपण आणि उमेदवारी

थेरेसे यांचा जन्म ६ मार्च १८९८ रोजी दक्षिण जर्मनीतील म्युनिक या शहरात झाला. त्यांचे मूळ आडनाव गिफ्ट. घराणे ज्यू, व्यवसाय कापडाचा. पाच भावंडांत त्या सर्वांत धाकट्या होत्या. घरात रंगभूमीची परंपरा नव्हती. शिवाय त्यांचा बांधा स्थूल होता आणि चेहरा त्या काळच्या नायिकेच्या कल्पनेत बसणारा नव्हता. नटी व्हायचे म्हणणाऱ्या मुलीला या गोष्टी कोण ऐकवत नाही? थेरेसे यांनी त्या ऐकल्या आणि १९१८च्या सुमारास अभिनयाचे शिक्षण सुरू केले.

१९२०मध्ये त्यांनी व्यावसायिक रंगभूमीवर पाऊल ठेवले आणि गीझे हे रंगभूमीवरील आडनाव स्वीकारले. पुढची पाचसहा वर्षे उमेदवारीची होती. झीगन, ग्लायविट्झ, ब्रेस्लाऊ अशा ठिकाणच्या नाट्यगृहांत त्यांनी मिळेल ती भूमिका केली. यांपैकी ग्लायविट्झ आणि ब्रेस्लाऊ ही शहरे आज पोलंडमध्ये आहेत. आरंभापासूनच त्यांच्या वाट्याला नायिकेऐवजी आई, मोलकरीण, शेजारीण, म्हातारी अशी पात्रे येत गेली. पंचविशीतली मुलगी साठीच्या बाईचे काम करू लागली. एखादीने याला अपमान मानले असते. गीझे यांनी त्यालाच आपला प्रांत मानले. कष्टकरी बायकांचे चालणे, ओझे उचलताना त्यांचे वाकणे आणि हिशेब करताना त्यांचे डोळे बारीक होणे त्यांनी निरखले, आणि ते निरीक्षण आयुष्यभर पुरले.

१९२६मध्ये ओटो फाल्केनबर्ग यांनी त्यांना म्युनिकच्या काम्मरश्पीले या रंगमंदिरात घेतले. फाल्केनबर्ग हे त्या काळातील अतिशय साक्षेपी दिग्दर्शक होते. त्यांच्या हाताखाली गीझे यांचा अभिनय घडला आणि त्या म्युनिककरांच्या आवडत्या अभिनेत्री झाल्या. बव्हेरियन बोलीतील त्यांचा खणखणीत उच्चार ऐकून नाझी पक्षाच्या वृत्तपत्रानेही, त्या ज्यू आहेत हे न कळल्यामुळे, त्यांना अस्सल जर्मन अभिनेत्री म्हणून गौरविले होते, असे सांगितले जाते.

३. ‘मिरीची चक्की’ आणि देशत्याग

याच काळात गीझे यांची थोर कादंबरीकार थॉमस मान यांची कन्या एरिका मान यांच्याशी मैत्री झाली. दोघी पुढे अनेक वर्षे एकमेकींच्या सहचरी होत्या. एरिका, त्यांचे बंधू क्लाउस, संगीतकार माग्नुस हेनिंग आणि गीझे यांनी मिळून १ जानेवारी १९३३ रोजी म्युनिकमध्ये एक कॅबरे सुरू केला. त्याचे नाव ‘फेफरम्यूले’, म्हणजे मिरी दळण्याची चक्की.

‘कॅबरे’ या शब्दाने आपल्याकडे निराळेच चित्र डोळ्यांपुढे येते, म्हणून थोडे स्पष्टीकरण हवे. जर्मन भाषिक प्रदेशातील कॅबरे म्हणजे लहानशा सभागृहात सादर होणारा गाणी, छोटे प्रवेश आणि उपरोधिक भाष्य यांचा कार्यक्रम. आपल्या लोकनाट्यातील बतावणी जशी प्रचलित गोष्टींवर बोट ठेवते, तसेच काहीसे त्याचे स्वरूप असते. ‘मिरीच्या चक्की’चे वैशिष्ट्य असे, की तिच्यात कोणाही पुढाऱ्याचे नाव घेतले जात नसे. परीकथा, रूपके आणि साधी घरगुती पात्रे यांच्या आडून सारे बोलले जाई. एका गाण्यात गीझे स्वतः ‘मूर्खता’ होऊन रंगमंचावर येत. बहुतेक लेखन एरिका यांचे असे आणि प्रवेश बसविण्याचे काम गीझे यांच्याकडे असे.

कॅबरे सुरू होऊन महिनाही झाला नाही तोच, ३० जानेवारी १९३३ रोजी, हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. मार्चमध्ये बव्हेरियाची सत्ताही नाझींच्या हाती गेली. गीझे दुहेरी संकटात होत्या. त्या ज्यू होत्या आणि रोज रात्री सत्तेची टिंगल करीत होत्या. त्याच महिन्यात त्यांनी म्युनिक सोडले. त्या वेळी त्यांचे वय पस्तीस होते. ज्या शहराची बोली त्यांच्या जिभेवर होती, त्या शहरात पुन्हा रंगमंचावर उभे राहण्यास त्यांना सोळा वर्षे लागणार होती.

३० सप्टेंबर १९३३ रोजी ‘मिरीची चक्की’ स्वित्झर्लंडमधील झुरिच शहरात पुन्हा सुरू झाली. पुढील तीन वर्षांत ही मंडळी स्वित्झर्लंड, चेकोस्लोव्हाकिया, हॉलंड, बेल्जियम आणि लक्झेम्बर्ग येथे हिंडली. त्यांचे हजाराहून अधिक प्रयोग झाले. सर्वत्र स्वागतच झाले असे मात्र नाही. नोव्हेंबर १९३४मध्ये झुरिच येथे नाझींच्या स्विस अनुयायांनी प्रयोगात दंगल घडविली आणि काही काळ पोलिसांच्या पहाऱ्यात प्रयोग करावे लागले. यजमान देशांना बलाढ्य शेजाऱ्याची नाराजी नको होती. त्यामुळे परवाने मिळणे अवघड होत गेले.

निर्वासिताच्या आयुष्यात कागदपत्रांना किती मोल असते, हे याच सुमाराच्या एका घटनेवरून दिसते. १९३६मध्ये गीझे यांनी इंग्लंडमध्ये जॉन हॅम्पसन या कादंबरीकाराशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हा संसारासाठी केलेला विवाह नव्हता. कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांनी आदल्या वर्षी एरिका मान यांना ब्रिटिश नागरिकत्व मिळावे म्हणून त्यांच्याशी असाच विवाह केला होता, आणि गीझे यांचा विवाह जुळविण्यातही त्यांचा पुढाकार होता. या विवाहामुळे गीझे यांच्या हाती ब्रिटिश पारपत्र आले. पुढे नाझी राजवटीने देशाबाहेरील ज्यूंचे जर्मन नागरिकत्व काढून घेतले, तेव्हा या पारपत्राचे मोल किती होते हे तुमच्या लक्षात येईल.

४. न्यूयॉर्कमधील अपयश आणि एक निर्णय

जानेवारी १९३७मध्ये मंडळींनी न्यूयॉर्कला प्रयोग केले. गाणी इंग्रजीत आणली होती आणि नट परक्या भाषेत बोलत होते. युरोपात ज्या वाक्याला सभागृह श्वास रोखून धरी, ते वाक्य येथे नुसतेच ऐकले जाई. सूचक बोलणे कळायला सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात सामाईक भय असावे लागते. अमेरिकन प्रेक्षकांना ते भय नव्हते. थोड्याच दिवसांत प्रयोग थांबले.

आपल्या प्रस्तावनेतील प्रश्नाला येथे एक वळण मिळते. एरिका मान अमेरिकेतच राहिल्या आणि व्याख्याने देऊन नाझींविरुद्ध लढत राहिल्या. लेखिका म्हणून त्या भाषा बदलू शकल्या. गीझे मात्र त्याच वर्षी युरोपात परतल्या. जर्मनीच्या सीमेला लागून असलेल्या देशात जाणे सुरक्षित नव्हते, हे त्यांना कळत नव्हते असे कसे म्हणता येईल? तरीही त्यांनी अशी जागा निवडली, जेथे जर्मन भाषेत नाटक होत होते आणि ते जर्मन भाषेतच समजले जात होते. सुरक्षितता एकीकडे आणि वाणी दुसरीकडे असा पेच पडला असता त्यांनी वाणीची बाजू घेतली.

५. झुरिच आणि ‘मदर करेज’

झुरिचच्या शाउश्पीलहाउस या नाट्यगृहाने त्यांना आसरा दिला. १९३८मध्ये ऑस्ट्रिया हिटलरच्या घशात गेल्यावर, जर्मन भाषेतील मुक्त रंगमंच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले. त्यांत झुरिचचा हा रंगमंच सर्वांत महत्त्वाचा ठरला. लेओपोल्ड लिंटबर्ग, लेओनार्ड श्टेकेल, कुर्ट होर्विट्झ, नाझी छळछावणीतून सुटून आलेले वोल्फगांग लांगहोफ अशी मंडळी तेथे एकत्र आली होती. नवी नाटके भराभर बसवावी लागत. एक भूमिका रंगमंचावर, दुसरी पाठांतरात, असा क्रम असे. स्वित्झर्लंडवर आक्रमण झाले तर या नटांचे काय होईल, याची कल्पना प्रत्येकाला होती.

अशा वातावरणात १९ एप्रिल १९४१ रोजी ब्रेख्त यांच्या ‘मदर करेज आणि तिची मुले’ या नाटकाचा जगातील पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन लिंटबर्ग यांचे, नेपथ्य टेओ ओटो यांचे, संगीत पाउल बुर्कहार्ड यांचे. मुख्य भूमिका थेरेसे गीझे यांची. ब्रेख्त स्वतः तेव्हा फिनलंडमध्ये निर्वासिताचे जिणे जगत होते आणि आपल्या नाटकाचा हा प्रयोग पाहू शकले नाहीत.

नाटकाचे कथानक असे आहे. सतराव्या शतकात युरोपात तीस वर्षे चाललेल्या युद्धात एक बाई गाड्यावर माल लादून सैन्यामागे फिरते आणि सैनिकांना तो विकते. युद्ध हाच तिचा धंदा आहे. त्याच युद्धात तिची तिन्ही मुले एकामागून एक जातात. शेवटी ती एकटीच गाड्याला जुंपून घेते आणि पुन्हा सैन्यामागे निघते. ती काही शिकत नाही. प्रेक्षकांनी मात्र शिकावे, अशी नाटककाराची अपेक्षा आहे.

झुरिचच्या प्रेक्षकांना या बाईत सर्व काही सोसूनही चिवटपणे जगणारी आई दिसली. ब्रेख्त यांना ही प्रतिक्रिया रुचली नाही. मदर करेजविषयी दया वाटण्याआधी तिच्या व्यवहाराचा विचार व्हावा, असे त्यांना वाटत होते. म्हणून पुढे त्यांनी संहितेत बदल केले. मुलगा सैन्यात ओढला जात असताना ही बाई सौद्यात गुंतलेली असते, हे त्यांनी अधिक ठळक केले. १९४९मध्ये बर्लिनला त्यांच्या पत्नी हेलेने वायगेल यांनी ही भूमिका केली, आणि जगभर तीच गाजली. परंतु १९५०मध्ये म्युनिकला ब्रेख्त यांनी स्वतः हे नाटक बसविले, तेव्हा त्यांनी मदर करेज म्हणून गीझे यांचीच निवड केली. पहिल्या प्रयोगातील गैरसमजाचा दोष ते अभिनेत्रीवर ठेवीत नव्हते, हे यावरून दिसते.

१९४५मध्ये लिंटबर्ग यांनीच दिग्दर्शित केलेल्या ‘शेवटची संधी’ या स्विस चित्रपटात गीझे यांनी सीमा ओलांडू पाहणाऱ्या एका निर्वासित ज्यू बाईची भूमिका केली. जे स्वतः भोगले, तेच आता कॅमेऱ्यापुढे उभे करायचे होते.

६. परतणे

युद्ध संपले. परतावे की नाही, हा प्रश्न प्रत्येक निर्वासितापुढे होता. कित्येक जण परतले नाहीत. जे परतले, त्यांना रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या चेहऱ्याविषयी प्रश्न पडे, की मधल्या वर्षांत हा माणूस काय करीत होता? गीझे यांना घडविणारे फाल्केनबर्ग नाझी राजवटीतही काम्मरश्पीलेच्या प्रमुखपदी राहिले होते. १९४७मध्ये त्यांचे निधन झाले. १९४९मध्ये गीझे त्याच रंगमंदिरात काम करण्यासाठी म्युनिकला आल्या. त्यांनी झुरिच मात्र सोडले नाही. दोन्ही शहरांत त्या काम करीत राहिल्या. पूर्व बर्लिनमध्ये ब्रेख्त आणि वायगेल यांनी स्थापन केलेल्या बर्लिनर आन्साम्बल या संस्थेतही त्यांनी आरंभीच्या वर्षांत भूमिका केल्या. माक्सिम गॉर्की यांच्या नाटकातील ‘वासा झेलेझ्नोवा’ ही त्यांतील पहिली. १९५२मध्ये त्या संस्थेसाठी त्यांनी क्लाइस्ट यांचे ‘फुटका रांजण’ हे नाटक दिग्दर्शितही केले.

२९ जानेवारी १९५६ रोजी झुरिचला फ्रीडरिश ड्युरेनमाट यांच्या ‘म्हाताऱ्या बाईची भेट’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. तरुणपणी फसवून गावाबाहेर घालविलेली एक मुलगी अब्जाधीश म्हातारी होऊन त्याच दरिद्री गावात परत येते. गावाला ती प्रचंड धन देऊ करते, पण एका अटीवर. ज्याने तिला फसविले त्याला गावाने मारले पाहिजे. गाव आधी संतापते, मग उधारीवर नवे जोडे विकत घेऊ लागते आणि शेवटी अट पाळते. क्लेअर झाखानास्सियान या म्हातारीची भूमिका गीझे यांनी केली.

येथे थोडे थांबून विचार करा. घालवून दिलेली बाई परत येते, असे हे नाटक आहे, आणि तिचे काम करणारी अभिनेत्रीही घालवून दिलेली व परतलेली आहे. दोन्ही गोष्टी एकच मानण्याची घाई करू नका. क्लेअर हिशेब चुकता करायला येते. गीझे काम करायला आल्या. मात्र ज्या प्रेक्षकांना दहापंधरा वर्षांपूर्वीचे सारे आठवत होते, त्यांना न्यायाची किंमत मागणाऱ्या या म्हातारीच्या तोंडचे शब्द केवळ नाटकातले वाटले असतील का? भूमिका आणि नटाचे आयुष्य यांच्यातील हा ताण प्रेक्षकाच्या मनात निर्माण होतो. चरित्राचा अभ्यासक त्याकडे दुर्लक्ष करू शकत नाही.

१९६२मध्ये रंगमंचावर आलेले ‘भौतिकशास्त्रज्ञ’ हे नाटक ड्युरेनमाट यांनी थेरेसे गीझे यांना अर्पण केले. त्यातील मनोरुग्णालयाच्या कुबड्या डॉक्टरीणबाईंचे काम त्यांनी पहिल्या प्रयोगात केले आणि १९६४च्या दूरचित्रवाणी रूपांतरातही केले.

७. उत्तरायुष्य आणि दूरचित्रवाणी

साठीनंतर त्यांनी विश्रांती घेतली नाही. ब्रेख्त यांच्या कविता व गाणी यांचे एकपात्री कार्यक्रम त्यांनी अनेक शहरांत केले. १९७०मध्ये बर्लिनच्या शाउब्यूने या तरुण नटांच्या संस्थेने ब्रेख्त यांचे ‘आई’ हे नाटक केले. दिग्दर्शक पेटर श्टाइन तेव्हा पस्तिशीच्या आत होते. मुख्य भूमिकेतील गीझे बहात्तर वर्षांच्या होत्या. आईवडिलांच्या पिढीला जाब विचारणाऱ्या त्या तरुणांना जुन्या पिढीतील एक अशी बाई मिळाली, जिला जाब विचारण्याचे कारण नव्हते.

१९७४मध्ये हेल्मुट डीटल यांची ‘म्युनिकच्या गोष्टी’ ही दूरचित्रवाणी मालिका प्रसारित झाली. म्युनिकच्या एका जुन्या वस्तीत राहणारा उनाड, स्वप्नाळू तरुण आणि त्याला सांभाळणारी आजी यांची ही कथा. आजीची भूमिका गीझे यांनी केली. रंगमंदिरात कधी न गेलेल्या घरांतही आता त्यांचा आवाज पोहोचला, आणि तोही त्यांच्या जन्मगावच्या बोलीत. ज्या शहरातून त्यांना रातोरात निघावे लागले होते, त्याच शहराची आजी म्हणून लोक त्यांना ओळखू लागले.

३ मार्च १९७५ रोजी, सत्त्याहत्तराव्या वाढदिवसाला तीन दिवस असताना, म्युनिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन मात्र झुरिचच्या फ्लुंटर्न दफनभूमीत झाले.

८. समारोप

विद्यार्थी मित्रहो, आरंभीच्या प्रश्नाकडे पुन्हा वळू. देश सोडताना गीझे यांनी भाषा बरोबर नेली. ती भाषा द्वेष करणाऱ्यांच्याही तोंडी होती, परंतु तेवढ्यासाठी ती त्यांच्या स्वाधीन करावी असे गीझे यांना वाटले नाही. न्यूयॉर्कहून परतणे, झुरिचला टिकून राहणे आणि युद्धानंतर म्युनिकच्या रंगमंचावर पुन्हा उभे राहणे या तीन निर्णयांमागे हेच एक सूत्र दिसते. तरीही परतण्याने झाले गेले पुसले गेले, असा निष्कर्ष काढू नका. म्युनिकमध्ये आज त्यांच्या नावाचा रस्ता आहे आणि त्याच नावाचे भुयारी रेल्वेस्थानकही आहे. त्यांची समाधी मात्र ज्या गावाने आसरा दिला त्या गावात आहे. ही दोन्ही स्थळे एकत्र लक्षात ठेवल्याशिवाय त्यांचे चरित्र पूर्ण होत नाही.

स्वाध्याय

१. नटाचा देशत्याग आणि चित्रकाराचा किंवा वादकाचा देशत्याग यांतील फरक स्पष्ट करा.
२. ‘मिरीची चक्की’ न्यूयॉर्कमध्ये का अपयशी ठरली? तुमच्या शब्दांत सांगा.
३. झुरिच येथील पहिल्या प्रयोगानंतर ब्रेख्त यांनी ‘मदर करेज’मध्ये बदल का केले?
४. क्लेअर झाखानास्सियान ही भूमिका आणि गीझे यांचे जीवन यांतील साम्य व भेद लिहा.
५. कामधंद्यासाठी किंवा लग्नानंतर दुसऱ्या प्रदेशात गेलेल्या तुमच्या परिचयाच्या एखाद्या व्यक्तीच्या बोलीत काय टिकले आणि काय बदलले, याचे निरीक्षण करून सुमारे २०० शब्दांत टिपण लिहा.